भाचीच्या डोळ्यात पांढरं चमकतंय, डॉक्टर डोळ्याचा कॅन्सर म्हणतायत, पुढे काय करायचं?

उदगीरचा_मामा:

नमस्कार मंडळी, मी पुण्यात नोकरीला आहे, बहीण उदगीरला दिलीय. तिची मुलगी १४ महिन्यांची आहे. गेल्या महिन्यात जावळाला सगळे जमलो होतो तेव्हा मोबाईलवर फोटो काढले, त्यातल्या बऱ्याच फोटोत तिच्या डाव्या डोळ्याची बाहुली पांढरी दिसते, उजवी मात्र लाल किंवा काळी. आधी वाटलं फ्लॅशमुळे असेल. मग बहीण म्हणाली की संध्याकाळी दिव्याखाली मांडीवर घेतलं की कधीकधी मांजराच्या डोळ्यासारखं चमकतं, आणि तो डोळा जरा नाकाकडे वळतो पण. तिकडच्या एका डॉक्टरांना दोन महिने आधीच दाखवलं होतं, ते म्हणाले तिरळेपणा आहे, मोठी झाली की जाईल.

मी हट्ट करून लातूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी थेंब टाकून बघितलं, सोनोग्राफी केली आणि म्हणाले रेटिनोब्लास्टोमा वाटतोय, गाठ मोठी आहे, ताबडतोब मोठ्या सेंटरला जा, डोळा कदाचित काढावा लागेल. तेव्हापासून घरात रडारड चालूय. बहिणीचे सासरे म्हणतात तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर म्हणतातच कसे, आणि एवढ्याशा पोरीचा डोळा काढायचा तर पुढे तिचं लग्न कोण करणार. कुणीतरी झाडपाल्याचं औषध देणारा सांगितलाय, एक महिना घेऊन बघू म्हणतात. सासूबाई म्हणतात पोटात असताना ग्रहण पाळलं नाही म्हणून झालं, त्यामुळे बहीण नुसती आतल्या आत झुरतेय. दाजी दोन्हीकडून अडकलेत.

मला एवढंच विचारायचंय, हे नक्की काय असतं, डोळा वाचू शकतो का, कुठे जायचं, आणि एक महिना थांबलं तर चालेल का? कुणाच्या घरात असं झालं असेल तर प्लीज सांगा.

सांगलीकर_आई:

मामा, महिना थांबू नका. आठवडा पण थांबू नका. बाकी सगळं नंतर वाचा, आधी जायची तयारी करा.

माझ्या मुलाला हाच आजार दोन्ही डोळ्यांत होता, नऊ महिन्यांचा असताना कळलं, आता तो चौथीत आहे, उजवा डोळा काढलाय, डावा वाचलाय आणि त्यावर तो चष्मा लावून वाचतो, सायकल चालवतो, मार खाण्याएवढी मस्ती करतो. हे आधी सांगते कारण तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मला वाटत होतं की कॅन्सर म्हणजे पोर गेलंच.

ट्रीटमेंट कशी चालते ते आमच्या अनुभवावरून सांगते. एवढी लहान मुलं डोळा उघडा धरून बघू देत नाहीत म्हणून भूल देऊन तपासतात. त्या दिवशी पहाटेपासून उपाशी ठेवावं लागतं, आणि दर थोड्या वेळाने बाहुली मोठी व्हायचे थेंब, पोर भुकेनं रडतंय, थेंबानं डोळे चुरचुरतायत आणि बाहेर रांगेत अशाच सगळ्या आया. नर्सला विचारून ठेवा की दूध शेवटचं किती वाजता द्यायचं, कारण मध्येच कुणी कळवळून बिस्कीट भरवलं की भूल देत नाहीत आणि दिवस फुकट जातो. आजीला हे आधीच समजावून सांगा.

केमो आमची दर तीन-चार आठवड्यांनी असायची. केस गेले, ते परत आले. सगळ्यात जास्त जपायचं ते ताप. केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा ताप आला तर घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले तरी हॉस्पिटल गाठायचं. थर्मामीटर चांगला घ्या. घरी येणारे-जाणारे कमी करा, नातेवाईकांना वाईट वाटलं तर वाटू दे.

आणि बहिणीला माझा निरोप द्या, ग्रहणाचा, खाण्यापिण्याचा, मोबाईलचा कशाचाही संबंध नाही. मला पण असंच ऐकवलं होतं, माझ्या बाबतीत पपई होती. मी कितीतरी महिने तेच डोक्यात घेऊन बसले होते. शेवटी केमो वॉर्डच्या सिस्टरनी समोर बसवून समजावलं.

नेत्रतज्ज्ञ_कोल्हापूर:

मी डोळ्यांचा डॉक्टर आहे, डोळ्यांच्या कॅन्सरचा स्पेशालिस्ट नाही, अशा केसेस ओळखून पुढे पाठवणं हे आमचं काम. बाळाला बघितल्याशिवाय तिच्याबद्दल नक्की काही सांगता येणार नाही, पण आजाराबद्दल सविस्तर लिहितो म्हणजे घरच्यांशी बोलायला तुमच्या हाताशी राहील.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो, रेटिना, त्याच्या पेशींचा हा कॅन्सर. लहान मुलांमध्ये डोळ्याच्या आत होणारा हाच सगळ्यात कॉमन कॅन्सर, तरी एकूण बघितलं तर दुर्मिळच, साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एक. बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतली. फ्लॅश मारला की निरोगी पडद्यावरून लालसर उजेड परत येतो, आणि तिथे गाठ असेल तर पांढरा, म्हणून फोटोत तसं दिसतं. प्रत्येक पांढरी बाहुली म्हणजे कॅन्सर नाही, जन्मजात मोतीबिंदू असू शकतो, कोट्स नावाचा रक्तवाहिन्यांचा आजार असू शकतो, कधी नुसत्या तिरप्या अँगलमुळे निरोगी डोळाही पांढरा चमकतो. पण यातलं काय आहे ते घरी बसून ठरवता येत नाही, आणि तिरळेपणा आलेल्या प्रत्येक लहान मुलाची बाहुली थेंबाने मोठी करून पडदा बघायलाच हवा. ते दोन महिन्यांपूर्वी व्हायला हवं होतं.

तुकड्याबद्दल. सासऱ्यांचा प्रश्न बरोबर आहे, बाकी जवळपास सगळ्या कॅन्सरमध्ये आधी तुकडाच तपासतात. इथे मुद्दाम तपासत नाहीत. डोळा म्हणजे चहूबाजूंनी बंद भिंतीचा गोळा आहे, आतला कॅन्सर बराच काळ आतच कोंडलेला असतो. सुई घातली तर त्या वाटेने पेशी बाहेर येऊन डोळ्याच्या खोबणीत पसरू शकतात, म्हणजे वाचणारं मूल धोक्यात. म्हणून भूल देऊन दोन्ही डोळे नीट बघणं, सोनोग्राफीत गाठीतले कॅल्शियमचे खडे दिसणं आणि एमआरआय, यावरून निदान होतं आणि अनुभवी डॉक्टरांना ते बहुतेक वेळा खात्रीने करता येतं. एमआरआयमध्ये डोळ्याची नस आणि मेंदूही बघतात. सीटी स्कॅन शक्यतो टाळतात, यातल्या काही मुलांना रेडिएशन जास्त बाधतं.

गाठ किती मोठी, कुठे, तिचे कण डोळ्यातल्या जेलीत किती पसरलेत यावरून डोळ्याचा ग्रुप ठरतो, ए ते ई. ए म्हणजे अगदी छोटी, तीन मिलिमीटरच्या आतली, ती नुसत्या लेझरने किंवा गोठवून जाते. मधल्या ग्रुपमध्ये केमो, व्हिन्क्रिस्टिन, इटोपोसाइड आणि कार्बोप्लॅटिन अशी तीन औषधं सलाईनमधून, साधारण सहा सायकल, आणि गाठ आक्रसली की वर लेझर. कार्बोप्लॅटिनने काहींचं ऐकू येणं कमी होतं म्हणून कानाची टेस्ट मध्ये मध्ये करून घ्या, पालकांनी आठवण करून दिलेली बरी. दुसरी पद्धत म्हणजे जांघेतल्या धमनीतून बारीक नळी थेट डोळ्याच्या रक्तवाहिनीपर्यंत नेऊन तिथेच औषध सोडायचं, बहुतेक वेळा मेल्फॅलान. याची सुरुवात जपानी डॉक्टरांनी केली, आताची पद्धत २००६ पासून न्यूयॉर्कमध्ये रुळली, आपल्याकडेही मोठ्या सेंटर्समध्ये होते पण खर्चिक आहे आणि हात बसलेली टीम लागते. जेलीतल्या कणांसाठी डोळ्यात इंजेक्शन देतात, ते मात्र खास काळजी घेऊन, नाहीतर वर सांगितलेला सुईचा धोका तिथेही आहेच. काही गाठींना रेडिएशनची छोटी चकती डोळ्याच्या बाहेरच्या भिंतीवर टाके घालून काही दिवस बसवतात आणि मग काढतात, रुथेनियमच्या या चकत्या आता आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही बनवल्यात.

ई ग्रुपमध्ये, आणि विशेषतः दुसरा डोळा निरोगी असेल तर, डोळा काढणं हाच बहुतेक वेळा सगळ्यात सुरक्षित इलाज असतो. या आजारात क्रम ठरलेला आहे, आधी जीव, मग डोळा, मग दृष्टी. ज्या डोळ्यात नजर उरलेलीच नाही तो वाचवायच्या नादात कॅन्सर नसेतून मेंदूकडे गेला तर मग हातात फार थोडं राहतं. आजार डोळ्याच्या आत असताना ट्रीटमेंट झाली तर ९० टक्क्यांहून जास्त मुलं वाचतात. मुलांच्या कॅन्सरमध्ये एवढे चांगले आकडे फार थोड्या आजारांचे आहेत. आपल्याकडे मुलं जातात ती उशिरा येण्याने, डोळा बाहेर आलेला असतो तेव्हा येतात, आणि विचारलं की कळतं मधले तीन-चार महिने कुठल्यातरी रसाचे थेंब टाकत होते. झाडपाल्याने ही गाठ जात नाही. मी हे चिडून नाही लिहीत, अशी मुलं डोळ्यांसमोर आहेत म्हणून लिहितोय.

शेतकऱ्याचा_पोरगा_जालना:

डॉक्टर, मध्येच विचारतो, माफ करा मामा. डोळ्याचा कॅन्सर मोठ्यांना पण होतो का? माझे वडील ६३ वर्षांचे, त्यांना वरच्या पापणीला रांजणवाडीसारखी गाठ येते, दोनदा चिरा देऊन काढली, परत तिथेच आली, आता त्या जागच्या पापणीचे केस पण गळालेत. दुखत नाही म्हणून ते जायला तयार नाहीत.

नेत्रतज्ज्ञ_कोल्हापूर:

होतो. तुमच्या वडिलांना या आठवड्यात दाखवा. रांजणवाडी दुखते आणि जाते. उतारवयात एकाच जागी परत परत येणारी, न दुखणारी, केस गळवणारी गाठ ही पापणीतल्या तेलग्रंथीचा कॅन्सर असू शकते आणि तो आपल्या देशात पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच जास्त दिसतो. इथे मात्र तुकडा तपासायलाच हवा, लहान मुलांच्या त्या आजाराच्या बरोबर उलट. आधी दोनदा काढलेलं लॅबला पाठवलं होतं का ते विचारा, नसेल तर यावेळी पाठवायला सांगा. लवकर कळलं तर गाठ आजूबाजूच्या थोड्या निरोगी भागासकट काढून पापणी परत नीट बांधता येते.

दुसरा प्रकार उन्हात काम करणाऱ्यांना होतो, बुबुळाच्या कडेला पांढरट किंवा लालसर मांस वाढतं, लोक म्हणतात डोळ्यात मांस आलंय. बरीचशी साधी वाढ असते पण भराभर वाढत असेल, खरबरीत दिसत असेल तर तपासा, लवकरच्या टप्प्यात काही वेळा नुसत्या केमोच्या थेंबांनीही जातं. गोऱ्या लोकांमध्ये डोळ्याच्या आत मेलॅनोमा होतो तो आपल्याकडे खूप कमी. बाकी तुम्ही वेगळा धागा काढा, तिथे बोलू, इथे मामांचं चालू दे.

नाशिकची_बाई_मास्तर:

मी ३४ वर्षांची आहे आणि माझा डावा डोळा दोन वर्षांची असताना याच आजाराने काढला. सासऱ्यांच्या लग्नाच्या प्रश्नावर मीच बोललेलं बरं. माझं लग्न झालंय, मुलगा आहे, झेडपीच्या शाळेत शिकवते, वर्गातल्या पोरांना वर्षानुवर्षं कळत नाही की माझा एक डोळा नकली आहे. नवऱ्याला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. दोन ठिकाणांहून नकार आले होते हेही खरं सांगते, पण ती माणसं दुसऱ्या कशावरून तरी आज ना उद्या तशीच वागली असती असं मला वाटतं.

नकली डोळा म्हणजे गोटी नसते हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. ऑपरेशनमध्ये डोळा काढला की आत योग्य मापाचा गोळा बसवून स्नायू त्याला जोडतात, त्यामुळे खोबणी खोल जात नाही आणि लहान मुलाचं चेहऱ्याचं हाड नीट वाढतं. साधारण सहा-आठ आठवड्यांनी जखम भरली की वरून पातळ वाटीसारखा कृत्रिम डोळा बसवतात. मागच्या वेळी मी माझा नवा करून घेतला तेव्हा कारागीर माझ्यासमोर बसून दुसऱ्या डोळ्याकडे बघत बघत बुबुळाचा तपकिरी रंग कालवत होता, खिडकीच्या उजेडात धरून बघायचा, परत एक छटा चढवायचा, शेवटी पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे अगदी बारीक धागे लावले, शिरा दिसाव्यात म्हणून. तयार डबीतला डोळा स्वस्त पडतो पण शक्य असेल तर मापाचाच करून घ्या. मूल वाढेल तसा बदलावा लागतो. रोज काढून धुवायची गरज नसते, डॉक्टर सांगतील तसं, हात मात्र स्वच्छ हवेत.

एका डोळ्याने अंतराचा अंदाज थोडा चुकतो असं म्हणतात, मला तर दोन डोळ्यांनी बघणं आठवतच नाही, त्यामुळे फरक कळत नाही. पाणी ओतताना भांडं भांड्याला टेकवते, एवढंच. उरलेला डोळा जपायचा, म्हणून नंबर नसला तरी न फुटणाऱ्या काचांचा चष्मा कायम लावा, लहानपणापासून सवय लावली की त्रास होत नाही. दिवाळीत फटाक्यांपासून आणि विटीदांडूपासून लांब ठेवायचं, बाकी काही अडवू नका तिला.

अजून एक. माझी जीनची टेस्ट चांगली आली होती तरी माझ्या मुलाचे डोळे जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच तपासून घेतले. तुमच्या बहिणीला अजून मूल असेल तर त्याचे पण तपासा.

उदगीरचा_मामा:

सगळ्यांचे खूप खूप आभार. नाशिकच्या ताई, तुमचं लिहिलेलं मी फोनवर सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले घेऊन जा. भाचीला चार वर्षांचा मोठा भाऊ आहे, त्याचं कुणी बोललंच नव्हतं. जीनचं नीट समजलं नाही, आमच्याकडे कुणालाच असं नव्हतं. आणि हैदराबाद की मुंबई? उदगीरहून हैदराबाद जवळ पडतं, पण टाटाचं नाव सगळे घेतात. पैशांचं पण बघावं लागेल, दाजींचं किराणा दुकान आहे.

नेत्रतज्ज्ञ_कोल्हापूर:

भावाला सोबतच न्या, आई-वडिलांचेही पडदे बघतील. जीनचं असं आहे, तेराव्या गुणसूत्रावर आरबी-१ नावाचा जीन असतो, पेशींच्या वाढीला ब्रेक लावायचं काम त्याचं. प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती, आईकडून एक, वडिलांकडून एक. दोन्ही बिघडल्या तर गाठ होते, हे नुडसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९७१ मध्ये मांडलं आणि नंतर ते खरं ठरलं. साधारण ६० टक्के मुलांमध्ये दोन्ही बिघाड त्या एका डोळ्यातल्या पेशीतच झालेले असतात, ते पुढच्या पिढीत जात नाहीत. उरलेल्या मुलांमध्ये एक बिघाड जन्मापासून अंगातल्या सगळ्या पेशींत असतो, आणि घराण्यात कुणालाच नसताना तो नव्यानेही होऊ शकतो. दोन्ही डोळ्यांत असेल तर तो जन्मजातच समजायचा. एकाच डोळ्यात असेल तरी काही टक्के मुलांमध्ये असतो, म्हणून रक्ताची टेस्ट करतात. जन्मजात असेल तर तिच्या मुलांना तो मिळायची शक्यता निम्मी, आणि मोठेपणी हाडांच्या वगैरे दुसऱ्या कॅन्सरवर लक्ष ठेवावं लागतं. आईने काय केलं, काय खाल्लं, ग्रहण पाळलं की नाही, यातल्या कशानेही हा जीन बिघडत नाही. हे घरात सगळ्यांसमोर सांगा, फक्त बहिणीला नको.

सांगलीकर_आई:

कुठे जायचं ते मी सांगते. हैदराबादला एल. व्ही. प्रसाद हे डोळ्यांचं हॉस्पिटल आहे, तिथे या आजाराची मुलं खूप येतात, आणि परवडत नाही त्यांच्यावर मोफत उपचार करतात, मराठवाड्यातली बरीच माणसं जातात. मुंबईत परळचं टाटा. चेन्नईचं शंकर नेत्रालय आणि दिल्लीचं एम्स पण आहे पण तुम्हाला लांब. वारंवार जावं लागणार, वर्षानुवर्षं, म्हणून जवळचं निवडा असं माझं मत. महाराष्ट्रात करणार असाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशन आणि केमो येते, रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधी भेटा, ट्रीटमेंट सुरू झाल्यावर नाही. राहायचं असेल तर सेंट ज्यूडच्या सेंटरमध्ये कॅन्सरच्या मुलांना आई-बापासकट फुकट ठेवतात, हॉस्पिटलच्या सोशल वर्करला विचारा, नाव तिकडून जातं. रेल्वेत पेशंट आणि सोबतच्या एकाला तिकिटात सवलत असते, त्याचा फॉर्म हॉस्पिटल भरून देतं.

सगळे कागद एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावा आणि प्रत्येकाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. ते पांढऱ्या बाहुलीचे जुने फोटो पण न्या, केव्हापासून दिसतंय ते डॉक्टर विचारतात.

उदगीरचा_मामा:

हैदराबादला जाऊन आलो. भूल देऊन तपासणी, एमआरआय सगळं झालं. डावा डोळा ई ग्रुप, त्या डोळ्याने तिला काहीच दिसत नव्हतं म्हणे. उजवा डोळा स्वच्छ आहे, भावाचे दोन्ही स्वच्छ, नसेत आणि मेंदूत एमआरआयला काही दिसलं नाही. परवा डोळा काढला. बहिणीला वाटत होतं पट्टी सोडल्यावर ती घाबरेल, पण ती दुसऱ्या दिवशी वॉर्डात दुसऱ्या पोराची गाडी ओढून घेत होती. आता लॅबचा रिपोर्ट यायचाय. डॉक्टर म्हणाले त्यावर केमो द्यायची की नाही ते ठरेल. त्यात काय बघायचं असतं?

नेत्रतज्ज्ञ_कोल्हापूर:

चांगलं केलंत, वेळेत झालं.

रिपोर्टमध्ये मुख्य बघायचं ते डोळ्याची नस. काढताना नसेचा शक्य तितका लांब तुकडा सोबत घेतात, तिच्यात कॅन्सर कुठवर गेलाय ते लिहिलेलं असेल, आणि कापलेल्या टोकापर्यंत पेशी आहेत की नाही हे सगळ्यात महत्त्वाचं. टोक स्वच्छ हवं. दुसरं, रेटिनाच्या मागचा रक्तवाहिन्यांचा थर, कोरॉइड म्हणतात, त्यात किती खोल शिरलाय, आणि बाहेरच्या पांढऱ्या भिंतीत किंवा बुबुळापुढच्या भागात गेलाय का. यातलं काही नसेल तर बहुतेक वेळा केमो लागत नाही, नुसती तपासणी चालू राहते. नस डोळ्यातून बाहेर पडते तिथे एक जाळी असते, तिच्या पलीकडे नस बाधित असेल किंवा कोरॉइडमध्ये मोठा भाग असेल तर खबरदारी म्हणून सहा केमो देतात, ती दिली म्हणजे आजार पसरलाय असा अर्थ घेऊ नका. टोकालाच पेशी सापडल्या तर मात्र जास्त जोराची केमो आणि रेडिएशन लागतं.

केमो लागो न लागो, उजव्या डोळ्याची भूल देऊन तपासणी ठरलेल्या तारखेला व्हायलाच हवी, सुरुवातीला काही आठवड्यांनी, मग अंतर वाढत जातं, पाच-सहा वर्षांची होईपर्यंत तरी. दुकान, पेरणी, लग्नसराई काहीही असो, ती तारीख चुकवायची नाही. जीनच्या टेस्टसाठी काढलेल्या गाठीचा नमुना लॅबने राखून ठेवलाय का ते डिस्चार्जच्या आधी विचारून घ्या, एकाच डोळ्यात असताना त्याचा उपयोग होतो. रिपोर्ट आला की नाव झाकून इथे टाका, वाचून सांगतो.